गोत्रातला 'गो' गायीचाच का?

नाशिकरोडहून एका वाचकाने विचारलं आहे: त्र्यंबकेश्वरला पूजेच्या संकल्पात गुरुजी गोत्र विचारतात, त्यातला 'गो' खरंच गायीचा, की ही ओढूनताणून जुळवलेली व्युत्पत्ती? आणि गोत्र ठाऊक नसेल तर 'काश्यप' का सांगायचं?

'गो' गायीचाच. ऋग्वेदात इंद्र अंगिरसांसाठी 'गोत्र' उघडतो, ते गाई कोंडलेलं आवार. ज्यांच्या गाई एका आवारात ती माणसं एका गोत्राची, असा अर्थ सरकला असावा. पाणिनीपाशी येईतो गाय सुटून गेली; त्याच्या सूत्रात नातवापासून पुढची संतती ते गोत्र. आपल्या गोतावळ्यात, गणगोतात तर शेणाचा वासही उरलेला नाही. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणताना गोठा कुणाला आठवतो?

पण गुरं आणि वंश यांची गाठ शब्दापुरती नाही. गुरं पळवून नेता येतात, राखायला मुलगे लागतात, आणि मुलाला बायको आणायची तर वधूपक्षाला गुरं द्यावी लागतात. मग गुरं मुलाकडे जाणार हे ओघानेच आलं. क्लेअर होल्डन आणि रूथ मेस यांनी 2003 मध्ये आफ्रिकेतल्या बांटू भाषागटातल्या 68 समाजांची तुलना केली. गुरं आली तिथे मातृवंश मागे पडत गेला, असा त्यांचा निष्कर्ष. दक्षिण सुदानच्या नुएरांमध्ये मूल कुणाचं, तर ज्याने गुरं दिली त्याचं, जन्मदाता कुणी का असेना! मात्र नियम म्हणून हे घोकू नये. नामिबियाचे हेरेरो पक्के गुराखी, तरी बापाचं कूळ वेगळं नि आईचं वेगळं, दोन्ही मानतात. पवित्र गाई तेवढ्या बापाच्या कुळातून जातात.

नाशिककरांनी पांडवलेणीच्या तिसऱ्या लेण्यात डोकवावं. तिथल्या लेखातला राजा गौतमीपुत्र, त्याचा मुलगा पुळुमावी वासिष्ठीपुत्र. नावात आईचं गोत्र, गादी मात्र बापाकडून मुलाकडे. यावरून मातृसत्ता काढणाऱ्यांची मला गंमत वाटते.

आता काश्यप. कश्यप सगळ्या प्रजेचा पूर्वज मानला जातो, म्हणून ते नाव कुणालाही चालतं. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकामाने ही पळवाट घेतली नाही. आईला गोत्र माहीत नव्हतं, त्याने तेच सांगितलं आणि आईच्या जबाला या नावावरून स्वतःला जाबाल म्हणवलं. गुरू गौतमाने त्याला शिष्य करून घेतलं, आणि पहिलं काम दिलं ते 400 रोडक्या गाई राखायचं.