‘उंच छंगफन’ म्हणजे उच्चकुलीन नव्हे

सांस्कृतिक क्रांतीच्या (1966-76) आगेमागे चीनमधल्या एका खेड्यात वाढलेल्या बाईंच्या आठवणी एक वाचक मैत्रीण मराठीत आणते आहे. ती एका वाक्यापाशी अडली आहे : ‘आमचं छंगफन उंच होतं, म्हणून मला गळ्यात बांधायचा लाल रुमाल मिळाला नाही.’ (हा रुमाल म्हणजे कम्युनिस्टांच्या मुलांच्या संघटनेत घेतल्याची खूण.) छंगफनला मराठीत काय लिहावं, असा तिचा प्रश्न आहे. आतापर्यंत तिला ‘जात’, ‘कूळ’ आणि ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ असे सल्ले मिळाले. एकाने तर थेट ‘आम्ही उच्चकुलीन होतो’ असंच करून दिलं.

आधी हा शेवटचा सल्ला निकालात काढू, कारण त्याने वाक्याचा अर्थच उलटा होतो. छंगफन म्हणजे मुळात घटक, एखाद्या मिश्रणात जे असतं ते. रसायनशास्त्रात आजही तो शब्द त्याच अर्थाने चालतो. जून 1950 मध्ये चीनमध्ये जमीन सुधारणा कायदा आला (काही भागांत हे काम आधीच सुरू झालं होतं) आणि खेड्यातल्या प्रत्येक घराला एकेक वर्ग, म्हणजेच छंगफन, ठरवून दिला गेला : जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम शेतकरी, गरीब शेतकरी, शेतमजूर. घराने आपली माहिती सांगायची, गावाच्या सभेत त्यावर खल व्हायचा आणि मग यादी लागायची. कम्युनिस्टांचा अंमल येण्याआधीच्या 3 वर्षांत ते घर कशावर जगत होतं, हे त्यात पाहिलं जाई. म्हणजे त्याच्या बऱ्याच आधी कुणी जुगारात जमीन घालवली असेल, तर तो गरिबांच्या यादीत बसू शके.

खेड्यात लोक बोलताना या उतरंडीलाच ‘उंच’ आणि ‘खालचं’ म्हणत. जमीनदार, श्रीमंत शेतकरी ते उंच छंगफन. पण नव्या राजवटीत वरचे ते वाईट आणि खालचे ते चांगले ठरले. त्यामुळे उंच छंगफन म्हणजे घराला लागलेलं बालंट. मुलाला पुढची शाळा, सैन्यभरती, पक्षाचं सभासदत्व, लग्न, सगळीकडे ते आडवं येई. इथे ‘उंच’चं ‘उच्च’ केलं की वाचक म्हणणार, मग रुमाल का नाही मिळाला?

आता नेमका शब्द. मजकुरात पुढेमागे ‘छूशन’ (म्हणजे माणूस कुठल्या घरात जन्मला ते) असा आणखी एक शब्द येईलच. बोलताना लोक दोन्हींची सरमिसळ करत, पण कागदावर ते वेगळे होते. शाळेच्या फॉर्मवर नाव, वय, मूळ गाव यांच्याबरोबर दोन रकाने असत. एक कौटुंबिक छूशन, दुसरा स्वतःचं छंगफन. बारा वर्षांची मुलगी दुसऱ्या रकान्यात ‘विद्यार्थी’ लिही आणि पहिल्यात ‘जमीनदार’. जमीनदारी तिने पाहिलेलीही नसे. कित्येकदा तिच्या जन्माआधीच जमीन वाटून झालेली असे.

या दोन शब्दांतल्या फरकापायी एका माणसाचा जीव गेला. यू लुओके हा बीजिंगमधला शिकाऊ कामगार. 1957च्या उजव्यांविरोधी मोहिमेत त्याच्या आईवडिलांवर ‘उजवे’ (म्हणजे पक्षविरोधी) असा शिक्का बसला होता, आणि त्यामुळे त्याला विद्यापीठाची दारं बंद झाली होती. 1966 मध्ये शाळाशाळांतून एक जोड-ओळ गाजत होती. तिचा आशय असा, की बाप वीर असेल तर पोर बहाद्दर, बाप प्रतिगामी असेल तर पोर हरामखोर. (जुनी म्हणही जोडीला होतीच : ड्रॅगनच्या पोटी ड्रॅगन, उंदराच्या पोराला बीळ खणता येतंच. आपलं ‘खाण तशी माती’ आठवेल.) याला उत्तर म्हणून त्याने छूशनवर लेख लिहिला. जानेवारी 1967 मध्ये तो विद्यार्थ्यांच्या एका वृत्तपत्रात छापून आला. त्याचं म्हणणं साधं होतं : बापाचं छंगफन हे पोराचं छूशन असतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा बापाच्या रकान्यावरून पोराला जोखू नका. 5 मार्च 1970 रोजी त्याला गोळी घालण्यात आली. तो 27 वर्षांचा होता. 1979 मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं.

म्हणून मी दोन्हींना मिळून एकच ढोबळ शब्द वापरणार नाही. ‘पार्श्वभूमी’ तर नकोच. तो शब्द नोकरीच्या मुलाखतीतला आहे, त्याला कसली धार नाही.

‘जात’ मोहात पाडते, हे खरं. पुढे पुढे ही नोंद बापाकडून पोराकडे जाऊ लागली, आई शेतमजुराची लेक असली तरी फरक पडेना, सोयरिकी त्यावरून जुळू-मोडू लागल्या. प्रस्तावनेत ‘जातीसारखं’ अवश्य लिहावं. पण भाषांतरात नको. आपल्याकडे ‘जी जात नाही ती जात’ म्हणतात, आणि हे प्रकरण सरकारने सभा भरवून लावलं होतं आणि सरकारनेच पुढे काढलं. शिवाय मराठी वाचकाच्या डोक्यात जात म्हटल्यावर जे सगळं उभं राहतं, त्यातलं बरंचसं इथे लागू नाही.

‘कूळ’ची अडचण गमतीची आहे. मराठीत कूळ म्हणजे घराणंही आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही. 1948चा कूळकायदा ज्यांच्या घरात पोचला, त्यांना हे सांगायला नको. जमीनदार आणि कसणारे यांच्या गोष्टीत ‘आमचं कूळ वाईट होतं’ असं वाक्य आलं, तर अर्धे वाचक समजणार की यांची जमीन कसणारा माणूस बेकार निघाला.

माझी पसंती ‘वर्गनोंद’ला. शब्द कोरडा आहे, सरकारी वाटतो, आणि तो तसाच वाटायला हवा, कारण मुळात ती वहीतली नोंदच होती. छूशनला ‘घराची वर्गनोंद’, दुसऱ्या रकान्याला ‘स्वतःची वर्गनोंद’. बोलण्याच्या ओघात मात्र बाई असं म्हणतील : ‘आमच्या घरावर जमीनदार अशी नोंद होती, म्हणून मला लाल रुमाल मिळाला नाही.’ (जमीनदार की श्रीमंत शेतकरी, ते त्यांना विचारून घ्यावं. दोन्हींना ‘उंच’च म्हणत.)

याच मजकुरात पुढे येणारे आणखी काही शब्द. अशा घरांतल्या मुलांना दिली जाणारी शिवी शब्दशः ‘कुत्र्याची पिल्लं’ अशी आहे, पण मराठीत कुत्र्याचं पिल्लू गोड असतं. ‘कुत्र्याची अवलाद’ लिहा. टोमणा वंशावरूनच आहे आणि ‘अवलाद’मध्ये तो आयता येतो. याच मुलांसाठी अधिकृत भाषेत ‘शिकवून चांगली करता येतील अशी मुलं’ असा शब्दप्रयोग होता. शासकीय मराठीत ‘सुधारण्याजोगी अपत्ये’. तो तसाच ओशाळवाणा राहू द्या.

आईवडिलांशी ‘स्पष्ट रेघ ओढणं’ हा दुसरा प्रयोग. ‘नातं तोडलं’ पुरत नाही, कारण ते चारचौघांत सांगावं लागे, कधी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावं लागे. ‘जाहीर फारकत घेतली’ बरं. फारकत हा मुळात लेखी कागदच.

आणि टोपी. चिनीत शिक्का बसणं म्हणजे ‘टोपी घातली जाणं’, आणि सुटका म्हणजे ‘टोपी काढली जाणं’. मराठीत एखाद्याला टोपी घालणं म्हणजे फसवणं, तेव्हा ‘बाबांना उजव्यांची टोपी घातली’ हे वाक्य हास्यास्पद होईल. ‘शिक्का बसला’, ‘शिक्का पुसला’ असं करा. पुसूनही तो जात नसे : ज्याची सुटका झाली त्याला लोक ‘टोपी काढलेला उजवा’ म्हणत, म्हणजे आपला ‘शिक्का पुसलेला उजवा’. एकच अपवाद आहे. जाहीर सभेत बाबांच्या डोक्यावर खरीखुरी कागदाची उंच टोपी चढवल्याचा प्रसंग असेल, तर तिथे टोपी ती टोपीच.

जानेवारी 1979 मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने जमीनदार आणि श्रीमंत शेतकरी हे शिक्के काढायचं ठरवलं, आणि त्यांच्या मुलांची स्वतःची नोंद व नातवंडांची घराची नोंद ‘कम्यूनचे (गावच्या सामूहिक शेतीचे) सदस्य’ अशी करायला सांगितलं. बाईंच्या आठवणी त्या वर्षापर्यंत आल्या, तर रकान्यातला शब्द तिथे बदलायला विसरू नका. लाल रुमालाचंही वर्ष विचारून घ्या. तो ‘तरुण पायोनियर’ या मुलांच्या संघटनेचा. 1967च्या अखेरीस तिच्या जागी ‘लाल छोटे सैनिक’ आले आणि 1978 मध्ये जुनं नाव परत आलं, त्यामुळे रुमालाच्या वाक्यात संघटनेचं कोणतं नाव पडेल ते वर्षावर ठरेल.