कविता म्हटलं की पळणाऱ्या टीनएज मुलीला आजच्या कोणाचं काय वाचायला द्यावं?

पंधरा वर्षांची मुलगी आहे, कवितेचं नाव काढलं की उठून जाते असं तुम्ही लिहिलंय, तर माझं उत्तर बेधडक एलिझाबेथ असेवेडो. इंग्रजीत लिहिते पण भाषा अगदी बोलीतली, मधेमधे स्पॅनिश येतं ते ओघात कळून जातं.

जन्म १९८८ चा, न्यूयॉर्कची, आईवडील डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेले. आधी स्लॅम म्हणजे स्टेजवर कविता सादर करायच्या स्पर्धा गाजवल्या, मग मेरीलँडमध्ये आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. तिथे एक मुलगी पुस्तकं हातातच घेईना, का गं म्हणून विचारलं तर म्हणे ह्यात आमच्यासारखं कोणीच नसतं. मग हिने तशी पुस्तकं शोधून आणून दिली तर त्याच मुलीने ती भराभर संपवली आणि अजून मागायला लागली. असेवेडोचं सगळं लिखाण मला ह्या मागणीला दिलेलं उत्तर वाटतं.

तिला उंदरावर कविता लिहायची होती तेव्हा तिच्या शिक्षकांनी उंदीर काही कवितेच्या लायकीचा प्राणी नाही असं सांगितलेलं, तर तिने त्यांनाच उद्देशून उंदराचं कौतुक करणारी कविता लिहिली! यूट्यूबवर आहे, दोन-तीन मिनिटांचं काम, आधी तीच दाखवा.

मग 'द पोएट एक्स' (२०१८). अख्खी कादंबरी कवितेत आहे. हार्लेममधली पंधरा वर्षांची सिओमारा, आई कडक धार्मिक, मुलगी मनातलं सगळं वहीत लिहिते. ती वही आईच्या हाती लागते आणि आई ती जाळते, आणि वही जळत असताना सिओमारा त्यातल्या कविता तोंडपाठ म्हणत राहते, मला तो भाग एका दमात वाचवला नाही. ह्याला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, नंतर ब्रिटनचं कार्नेगी मेडलही. ऑडिओबुक तिच्याच आवाजात आहे आणि मी तर म्हणेन पुस्तकाआधी तेच लावा, कारण ह्या ओळी मुळात मोठ्याने म्हणायच्या आहेत.

ते आवडलं तर 'क्लॅप व्हेन यू लँड', विमान अपघातात वडील गेल्यावर दोन देशांतल्या दोन मुलींना कळतं की आपण बहिणी आहोत. २००१ मध्ये न्यूयॉर्कहून सांतो दोमिंगोला निघालेलं विमान पडून २६५ माणसं गेली होती, त्यावरून सुचलेलं.

फक्त शरीर, मुलं, देवावरचा राग असं सगळं ह्यात मोकळेपणाने येतं, त्यामुळे आधी तुम्ही स्वतः वाचा, म्हणजे तिने काही विचारलं तर बोलता येईल.