रविवारच्या प्रार्थनेत पहिल्यांदा गोष्ट सांगणार आहेस ना, मग हे वाच

अरे भाऊ, घाबरू नको. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय बघ, हरवलेलं मेंढरू, नाणं, मुलगा, येशूनं गोष्टीसाठी घरातलं अन् रानातलंच उचललं, तूही तेच कर. माझी आई कापूस वेचून आली की कमरेची ओटी सोडायच्या आधी शेजारच्या आजारी म्हातारीला भाकर अन् बेसन नेऊन द्यायची, बोंडांनी बोटं ओरबाडलेली असायची, एवढंच सांगितलं तरी लोकं गप होऊन ऐकतात.

नवे लोक दोन चुका करतात:
- गोष्ट संपली तरी वरून प्रवचन जोडतात.
- दुसऱ्याचं दुःख न विचारता नावासकट सांगतात. हे अजिबात नको, गाव लहान असतं, माणूस दुखावतो.

बायबलातलं वचन एकच घे, पाच मिनिटं पुरे. बाकीचं नंतर शिकवतो, आधी या रविवारी एक सांगून तर बघ.