बांधावर पांढऱ्या पोटाचा इवलासा उंदीर दिसला. घुशीचं पिल्लू असेल का? मारावं का?

घुशीचं पिल्लू नाही हो ते, शेतातला छोट्या जातीचा पूर्ण वाढलेला उंदीर आहे! हेच वाक्य मी आमच्या काकांना गेली सहा वर्षं ऐकवतोय, म्हणून लिहायला बसलो.

निफाडकडे आमचा गहू आणि त्याला लागून काकांची द्राक्षबाग. एकदा गहू सोंगताना बांधालगतचा वाळल्या गवताचा गोळा उघडा पडला. त्यातून सुटलेली उंदरीण मी चहाच्या पेल्याखाली पकडली. काका म्हणाले, "घुशीचं पोर आहे, ठेच आत्ताच. उद्या माझं ठिबक खाईल." मी गोळा उकलून दाखवला. आत पाच गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली. पोराला पोरं कुठून झाली, काका? "जास्त शहाणपणा नको," म्हणून ते निघून गेले.

वहिनीच्या केकसाठीच्या वजनकाट्यावर उंदरीण पेल्यासकट ठेवली (काटा तिनं नंतर दोनदा घासला). पेला वजा जाता ११ ग्रॅम. दहाच्या नाण्यापेक्षा थोडी जास्त, बस.

पाठ मातकट तपकिरी, पोट पांढरं, मधली रेघ स्पष्ट. तोंड टोकदार, कान मोठे, शेपटी जवळपास अंगाएवढी, वरून काळसर आणि खालून फिकट. घुशीच्या पिल्लाचं डोकं आणि मागचे पाय अंगाला न शोभणारे मोठे असतात, याचं सगळं मापात. शास्त्रातलं नाव मस बूडुगा, ग्रे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये दिलेलं. केस राठ, टोचरे लागले तर तो काटेरी उंदीर, मस प्लॅटिथ्रिक्स. तो वेगळा.

आता ठिबकचं. काकांनी बिळाबिळात विष टाकलं, तरी नळ्या फुटायच्या त्या फुटतच राहिल्या. शेवटी भर दुपारी नळी कुरतडताना सापडली ती खार! फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हसून घेतलं, काकांनी अंगठासुद्धा दिला नाही. तेव्हा मारायच्या आधी कोण काय कुरतडतंय ते डोळ्यांनी बघा. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने उचलला तर तेही दगावू शकतं, आणि तेच तर फुकटात उंदीर धरतं.

हां, दाणे हा छोटा उंदीरही खातो. फार वाढले तर गव्हाला त्रास होतो, ते मला मान्य आहे. फक्त काकांसमोर नाही. आणि मी पिल्लं उघड्या हाताने उचलली, तसं करू नका, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होऊ शकतो.