पहिलीच मिरवणूक काढताय? आधी परवानगीचं बघा

अरे वा, नक्की काढा! फक्त पोस्टर छापायच्या आधी पोलिसांकडे परवानगीचा अर्ज टाका, नवीन लोक इथेच चुकतात, तारीख जाहीर करून मोकळे होतात आणि मग परवानगीसाठी पळापळ. मैदानातली सभा वेगळी, रस्त्यावरची मिरवणूक वेगळी, रस्ता अडणार असेल तर ट्रॅफिकवाल्यांना पण विचारावं लागतं आणि लाऊडस्पीकरची परवानगी बहुतेक ठिकाणी वेगळीच असते, ती हमखास राहून जाते.

- अर्जासोबत रूटचा नकाशा, सुरू-संपायची वेळ द्या
- लोकांचा आकडा खरा सांगा, कमी दाखवलात तर बंदोबस्त कमी पडतो आणि त्रास आलेल्या लोकांनाच होतो
- तोंडी "हो"वर जाऊ नका, अर्जाची पोचपावती घ्या आणि परवानगी लेखीच घ्या

इन्शुरन्स, स्टेज वगैरे नंतर बघू, उद्याच पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज किती दिवस आधी लागतो ते विचारून या.