वाचकांचे प्रश्न : मंदी, ब्लॉग आणि स्वतःचा धंदा

प्रश्न : मी वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका व्हेंडरकडे सात वर्षांपासून सीएनसी मशीनवर (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या यंत्रावर) काम करतो. ऑर्डरी घटल्यामुळे तिसरी पाळी बंद झाली, ओव्हरटाइम गेला आणि पगारही उशिरा होऊ लागला आहे. सीएनसीविषयी मी दोन वर्षे मराठीत ब्लॉग लिहीत असून महिन्याला चारेक हजार वाचक येतात. सर्वाधिक वाचला गेलेला लेख मशीनची बॅटरी कशी बदलावी यावरचा आहे. नोकरी सोडून मुद्रा योजनेतून पाच लाखांचे कर्ज घ्यावे, शिकवणीचे अ‍ॅप बनवून घ्यावे आणि तोवर ब्लॉगवरील जाहिरातींवर घर चालवावे, असा विचार आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर : नोकरी सोडण्याची घाई करू नका आणि कर्ज काढून अ‍ॅप तर मुळीच बनवून घेऊ नका. ब्लॉग मात्र चालू ठेवा.

जाहिरातींचे आधी पाहू. ब्लॉगवरील जागेसाठी जाहिरातदार बोली लावतात, आणि मंदीची चाहूल लागली की बहुतेक कंपन्या पहिली कात्री जाहिरातखर्चालाच लावतात. बोली लावणारे घटले की भाव पडतो, आणि वाचक तेवढेच राहिले तरी तुमचे उत्पन्न कमी होते. म्हणजे ज्या कारणाने तुमची पाळी बंद झाली, त्याच कारणाने तुमच्या ब्लॉगवरची जागाही स्वस्त होणार. शिवाय खात्यात १०० डॉलर जमल्याखेरीज गूगल अ‍ॅडसेन्स पैसे पाठवीत नाही, आणि चार हजार वाचकांवर तेवढी रक्कम जमायला बरेच महिने लागतील. बँकेचा हप्ता तेवढा थांबत नाही. पाच लाख रुपये बारा टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे ११,१०० रुपये भरावे लागतात.

तुमच्या पत्रातले बॅटरीचे वाक्य मी दोनदा वाचले. असा लेख कोण शोधतो? साप्ताहिक सुटीनंतर मशीन सुरू करावे, पडद्यावर बॅटरीचा अलार्म यावा, अक्षांचे शून्य स्थान हरवलेले असावे आणि ऑपरेटरने मालकाकडे पाहावे, अशा वेळी तो मालक मोबाइलवर उत्तर शोधत असतो. फॅनुकसारख्या कंट्रोलची (मशीन चालवणाऱ्या संगणकाची) बॅटरी मशीनचा वीजपुरवठा चालू ठेवूनच बदलायची असते, अन्यथा साठवलेले पॅरामीटर (मशीन कसे चालावे याच्या नोंदी) पुसले जाण्याचा धोका असतो. तुम्हाला हे रोजचे आहे, पण त्याचे मशीन त्या क्षणी उभे आहे. हा वाचक जाहिरातीवर क्लिक करणार नाही, मात्र कोणी येऊन मशीन सुरू करून दिले, तर आनंदाने पैसे मोजेल. मंदीत नवे मशीन घेण्याचा बेत पुढे ढकलला जातो आणि जुन्या मशीनकडूनच आणखी दोन-चार वर्षे काम करून घेतले जाते, त्यामुळे दुरुस्ती आणि देखभालीची गरज या काळात उलट वाढते. तेव्हा त्या लेखाखाली ‘पॅरामीटरचा बॅकअप घेऊन व बॅटरी बदलून मिळेल’ अशी एक ओळ आणि धंद्यासाठीचा वेगळा फोन नंबर द्या. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि पलीकडे जालना एवढा टापू मोटारसायकलवर सुटीच्या दिवशी सांभाळता येतो. तत्पूर्वी तुमच्या नेमणूकपत्रात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का, ते पाहा, आणि कंपनीचे ड्रॉइंग किंवा तिथे बनणाऱ्या भागाचे छायाचित्र ब्लॉगवर कधीही टाकू नका.

खरी अडचण काम मिळण्याची नसून पैसे वसूल होण्याची असेल. मंदीत जो तो दुसऱ्याच्या पैशावर दिवस काढतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर मोफत होते, ती करून घ्या. त्यासाठी पैसे मागणारा एजंट भेटलाच, तर त्याला वाटेला लावा. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावेत, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत देणेकऱ्याला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्याचा सनदी लेखापालच (सीए) त्याला तुमच्या बिलाची आठवण करून देतो. व्याजाची नोटीस धाडून गिऱ्हाईक टिकत नाही हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच पहिल्या कामाला निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

प्रश्न : मी लातूरला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. आडत दुकानातील हिशेबपट्टी शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठविणारे अ‍ॅप बनवीत आहे. मोठ्या कंपन्या मंदीतच जन्मतात असे म्हणतात. मग शिक्षण सोडून आत्ताच उतरावे का?

उत्तर : प्रवाशांना लोकांची घरे भाड्याने मिळवून देणारी एअरबीएनबी २००८ मध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये सुरू झाले हे खरे, पण ही तगलेल्यांची नावे आहेत, त्याच दोन वर्षांत बुडालेल्यांची यादी कोणी छापत नाही. एअरबीएनबीच्या संस्थापकांनाही तेव्हा गुंतवणूकदार दाद देत नव्हते. अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीचे निमित्त साधून त्यांनी उमेदवारांच्या नावांची, न्याहारीच्या सीरियलची (कॉर्नफ्लेक्ससारख्या पदार्थाची) खोकी स्वतः चिकटवली, ४० डॉलरला एक याप्रमाणे विकली आणि त्या पैशावर दिवस काढले.

शेवटचे वर्ष पूर्ण करा, तुमचे अ‍ॅप कुठे पळून जात नाही. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक जोरात असताना मोंढ्यातील एखाद्या दुकानात मुनिमाशेजारी आठवडाभर बसा. हमाली, तोलाई आणि आधी दिलेली उचल तो पट्टीतून कशी वजा करतो, आणि त्यातले नेमके काय शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाऊ द्यायला आडत्या राजी आहे, हे तिथेच कळेल. तीन आडत्यांनी दरमहा तीनशे रुपये द्यायचे कबूल केले, तर मला पुन्हा लिहा.