‘वेदर पॉलिसी’ असू दे, आधी कॅप्टनशी बोला

तुमची पोस्ट वाचताना ‘कॅप्टनचं नाव आदल्या संध्याकाळी कळवू’ या वाक्यापाशी थांबले. जवळजवळ याच शब्दांत हे मलाही ऐकवलं गेलंय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

मूळ पोस्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. यांना वडील आणि नऊ वर्षांचा मुलगा यांना घेऊन गाईडसोबत इनशोअर फिशिंगला जायचंय. म्हणजे भर समुद्रात नाही, तर खाडी, नदीमुख, तिवरांच्या कडेचं उथळ पाणी. वडील सत्तरीचे, गुडघे दुखतात, पण हयातभर खडकावरून गळ टाकलेला माणूस. बुकिंग ऑफिस म्हणतंय, अर्धे पैसे आत्ता भरा, तारीख कुठलीही घ्या, मासे काय रोजच असतात, हवामान बिघडलं तर वेदर पॉलिसी आहेच. आणि यांचा प्रश्न आहे, शनिवार घेऊ की रविवार?

माझ्या मते शनिवार-रविवार नंतर बघा. होडी कोण चालवणार, आणि वारा सुटला तर ‘आज नको’ म्हणायचा हक्क कोणाचा, हे आधी ठरवा.

रॉड, रीळ, आमिष गाईडकडे असतं. टोपी, पाणी, सनस्क्रीन तुम्हाला कळतंच. त्यावर वेळ घालवत नाही.

आमचं असं झालं. मी, दादा आणि भाची असे तिघे. बुकिंग एका मध्यस्थ ऑफिसकडून. नाव लिहीत नाही, तसे बरेच आहेत. डिपॉझिट भरलं, ईमेल आलं, त्यात होडीचा सुंदर फोटो. मी कॅप्टनचा नंबर मागितला. ‘अलॉट झाला की कळवू.’ चार-पाच दिवस आधी अंदाजात वारा चढताना दिसला म्हणून फोन केला. उत्तर आलं, ‘वीसच्या वर गेला तर बघू.’ वीस काय? एकाने सांगितलं किलोमीटर, दुसऱ्या फोनवर दुसऱ्याने सांगितलं नॉट. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताशी २० किलोमीटर म्हणजे साधारण ११ नॉट. पाण्यावर थोडा पांढरा फेस दिसतो, पण आडोशाला आरामात मासेमारी होते. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. उथळ खाडीत त्या वाऱ्याने तळाचा गाळ वर येतो, पाणी चहासारखं होतं आणि छोट्या होडीत उभं राहणं मुश्कील. मोबाइलवरचं हवामान बहुधा किलोमीटरमध्ये असतं आणि सागरी अंदाज नॉटमध्ये, तेव्हा आकडा ऐकला की एकक विचाराच. शिवाय झोतांचा आकडा वेगळा असतो, तोही बघा.

मग मी सरळ विचारलं, रद्द कोण करणार? ‘तो निर्णय कॅप्टनचा.’ कॅप्टन कोण? ‘उद्या संध्याकाळी कळेल.’

सकाळी जेटीवर पोहोचलो तेव्हा माणूस भेटला. भला माणूस, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने आमच्याकडे पाहिलं, आम्हाला मोजलं आणि फोन काढून ऑफिसचा मेसेज दाखवला, ‘२ जण, नवशिके, सकाळ’. आम्ही तिघे होतो, दादा अजिबात नवशिका नाही, आणि भाचीचं वय मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं. होडी फ्लॅट्स स्किफ. म्हणजे अगदी उथळ पाण्यात बांबूसारख्या लांब दांड्याने ढकलत न्यायची, सपाट, बिनकठड्याची होडी. त्यात दोन गळकरी आणि एक कॅप्टन, संपलं. मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट नव्हतंच, शेजारच्या होडीवरून मागून आणलं.

वारा तर पहाटेपासूनच होता. मी म्हटलं, जायचं का? त्याने सरळ सांगितलं, ‘मी रद्द केलं तर आजची कमाई माझी बुडते, तुम्ही रद्द केलंत तर तुमचं डिपॉझिट बुडतं. ऑफिसचं कोणत्याच बाजूने काही जात नाही.’

सगळी गोम इथे आहे. ज्याच्या हातात निर्णय तो स्वतःच्या पोटावर पाय देऊन निर्णय घेणार नाही, आणि ज्याने पैसे घेतले तो निर्णयात कुठेच नाही. पॉलिसी म्हणून जी काय होती ती बारीक अक्षरांत, ‘होडी जेटीवरून सुटली की ट्रिप पूर्ण धरली जाईल’. आम्ही गेलो. दीडेक तास तिवरांच्या आडोशाला बसलो. कॅप्टनचा दांडा चिखलात रुतायचा, तो उपटेपर्यंत वारा होडीचं तोंड फिरवायचा, आणि दादाची दोरी दर वेळी फांदीत. मासा म्हणाल तर भाचीला एक वीतभर शिंगाळा. शेवटी मीच म्हटलं, चला परत.

(शिंगाळ्यावरून आठवलं. मुलाला आधीच सांगून ठेवा, असा मिशावाला मासा आला तर हात लावायचा नाही. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे काटे असतात, करवतीसारखे आणि विषारी. कॅप्टन पकडीने सोडवतो, त्याला सोडवू द्या. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की वेदना कमी होतात. मग डॉक्टर.)

परत आल्यावर ऑफिसशी जो पत्रव्यवहार झाला तो सांगत बसले तर रात्र होईल. प्रत्येक ईमेलला नव्या नावाने तेच उत्तर, ‘आमच्या नोंदीनुसार ट्रिप झालेली आहे’. तिघांऐवजी दोघांची होडी का पाठवली, याला आजतागायत उत्तर नाही. आम्हाला बोलायचं होतं ते फक्त त्या कॅप्टनशी, आणि नेमकं तेच त्यांनी शेवटपर्यंत होऊ दिलं नाही. यामागचं कारण मला तरी उघड दिसतं, थेट ओळख झाली की पुढच्या वेळी दलाली बुडते. असो.

आता तुमच्यासाठी. मी कॅप्टन नाही, वकील तर नाहीच. जे पाहिलं त्यावरून सांगते, सोडून द्यायचं ते सोडून द्या.

पैसे भरण्याआधी जो होडी चालवणार त्याच्याशी दहा मिनिटं फोनवर बोलायला मिळत नसेल तर बुकिंग करू नका. हे मत आहे, पण पक्कं आहे. स्वतःची होडी असलेले, स्वतःच फोन उचलणारे कॅप्टन सगळीकडे सापडतात. उत्तर उशिरा देतील, कारण दिवसा पाण्यावर असतात. ते चालतं. सगळेच मध्यस्थ वाईट नसतात हेही खरं, काही जण पहिल्याच दिवशी नंबर देतात.

फोनवर ‘मासे मिळतील का’ विचारू नका, त्याला कुणीही हो म्हणेल. असं विचारा, ‘आम्ही त्या आठवड्यात कधीही येऊ शकतो, तुम्ही कोणता दिवस घ्याल आणि का?’ चांगला माणूस लगेच पाण्यावर येतो. भरती किती वाजता, ओहोटी कधी धरते, पाण्याला ओढ किती. ‘कुठलाही दिवस छान’ म्हणाला तर आभार मानून फोन ठेवा.

कारण मासे रोज असले तरी रोज खात नाहीत. पाणी हलतं तेव्हा कोळंबी, छोटे मासे वाहत येतात आणि मोठे मासे वळणावर तोंड उघडून बसतात. पाणी थांबलं की ते सुस्तावतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे छोटी, हे तुमच्या वडिलांना माझ्याहून जास्त माहीत असेल. तारीख त्यांनाच काढू द्या, खरंच सांगते. जिथे दिवसातून दोन भरत्या येतात तिथे दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं आणि रोजची वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या शनिवारी सकाळी सातला पूर्ण भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळेला जवळपास ओहोटीचा तळ. शनिवार की रविवार यात तासाभराचाच फरक, पण हा शनिवार की पुढचा, यात पाणी उलटंपालटं होतं. मात्र हे सगळीकडे लागू नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर बहुतेक दिवस एकच भरती आणि एकच ओहोटी, तीही लहान. हिवाळ्यात उत्तरेचा जोरदार वारा खाड्यांतलं पाणी बाहेर लोटतो, मग कोष्टकातली भरती कागदावरच. म्हणून तिथला माणूस लागतो.

सकाळची वेळ घ्या. दुपारकडे जमीन तापते, खारे वारे सुटतात आणि सगळा खेळ बिघडतो. पूर्ण दिवसाच्या भानगडीत पडू नका, वडील आणि मुलगा दोघांनाही अर्धा दिवस पुरे.

होडी ‘बे बोट’ प्रकारची मागा. थोडी रुंद, बसायला जागा, धरायला काहीतरी. गुडघेदुखीच्या माणसाला स्किफ म्हणजे शिक्षा आहे. आणि एक गोष्ट कुणी लिहीत नाही, या छोट्या होड्यांवर बहुधा शौचालय नसतं. सत्तरीच्या माणसासाठी हे आधी विचारा, लाजू नका. मुलाच्या वजनाचं लाइफ जॅकेट आहे का तेही विचारा, ‘सगळं असतं’ हे उत्तर धरू नका.

ठिकाण तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मासेमारीच्या परवान्याबद्दल एवढंच सांगते की ‘गाईड आहे म्हणजे परवाना आला’ असं धरून चालू नका. फ्लोरिडात चार्टर बोटीच्या, म्हणजे कॅप्टनसकट भाड्याने मिळणाऱ्या होडीच्या, परवान्यात ग्राहक येतात. टेक्सासमध्ये येत नाहीत, तिथे १७ वर्षं पूर्ण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला स्वतःचा परवाना आणि त्यावर खाऱ्या पाण्याची परवानगी लागते. एकाच आखाताचे दोन किनारे, दोन नियम. अमेरिकेत छोट्या होडीच्या कॅप्टनच्या नेहमीच्या परवान्यावर पैसे देणारे जास्तीत जास्त सहा प्रवासी नेता येतात, परवान्याचा प्रकार विचारायला हरकत नसते. नियम बदलतात, त्या वर्षीचे सरकारी साइटवर बघून घ्या.

मासा घरी न्यायचा की सोडायचा हे मुलाला आधी सांगा, नाहीतर होडीवर रडारड. पुष्कळ जातींना मापाची बंधनं आहेत, आणि फक्त लहानांवर नाहीत. आपला जिताडा म्हणजेच ऑस्ट्रेलियातला बारामुंडी. क्वीन्सलँडमध्ये समुद्र-खाड्यांत ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० हून मोठा ठेवता येत नाही. मोठा का नाही? हा मासा आधी नर असतो आणि वाढला की मादी होतो, म्हणजे थोराड मासे बहुतेक अंड्यांच्या माद्या. फ्लोरिडात ४० इंचांहून लांब टार्पन (हा तिथला मोठा मासा) पाण्याबाहेर काढायलाच बंदी आहे, फोटोसाठीसुद्धा नाही. ऑफिसच्या साइटवर असा मासा होडीत आडवा घेतलेला हौशी फोटो दिसला तर ते ऑफिस नियमांना किती मानतं ते समजा.

मुलासाठी मोठ्या माशाचा हट्ट नको. कॅप्टनला सांगा, जिवंत कोळंबी लावून सारखे चावणारे छोटे मासे दाखवा. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, असेल तर एक अडचण येईल, ती वडिलांची. खडकावरच्या सवयीने ते चावा लागला की हिसका मारणार. सर्कल हुकला हिसका मारला तर तो तोंडातून सुटून येतो. दोरी ताणू द्यायची, नुसतं रीळ फिरवायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. पन्नास वर्षांची सवय एका सकाळी जात नाही, तेव्हा त्यांना साधा गळ मागा आणि भांडण टाळा.

ऑफिसला पैसे भरण्याआधी हे ईमेल पाठवा, हवं तर जसंच्या तसं: ‘आम्ही तिघे आहोत, एक ज्येष्ठ आणि एक नऊ वर्षांचा. कॅप्टनचं नाव, नंबर आणि होडीचा प्रकार कळवा. वारा किती नॉटच्या वर गेला तर ट्रिप रद्द होईल? तो निर्णय आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत कळेल? हवामानामुळे कॅप्टनने किंवा आम्ही, कुणीही रद्द केलं तरी डिपॉझिट परत मिळेल की दुसरी तारीख? निघाल्यावर वाऱ्यामुळे तासाभरात परत यावं लागलं तर काय?’ विजांचाही प्रश्न त्यातच घाला. हल्लीचे रॉड कार्बनचे असतात, विजेला आमंत्रणच. गडगडाट ऐकू आला की परत फिरायचं, यावर घासाघीस नको.

उत्तर लेखी घ्या, फोनवरचं चालत नाही. दोन दिवसांत आलं नाही, किंवा ‘आमची पॉलिसी साइटवर आहे’ एवढंच आलं, तर मी तरी पैसे भरणार नाही. भरलेच असतील तर कार्डाने भरलेत का ते सांगा, बँकेकडे तक्रार करायची वाट वेगळी आहे, त्यावर इथेच कुणीतरी नीट लिहिलं होतं. आणि ठिकाण, महिना लिहा. भरतीचं कोष्टक काढून दोन-तीन सकाळी सुचवते.